डॉ. लागू गेले. ते एक स्वगत बाजूला ठेवून बोलू या का?

तिसरी घंटा
काल, १७ डिसेंबर २०१९ ला, पुण्यात डॉ. श्रीराम लागू गेले. वय ९२. तेव्हापासून सगळ्या वाहिन्यांवर एकच तुकडा फिरतोय. 'नटसम्राट' नाटकातलं बेलवलकरांचं घर मागणारं स्वगत, मागे बासरी, आणि 'युगान्त', 'हिमालय', 'पोकळी' हे ठरलेले तीन शब्द.

स्वगताशी भांडण नाही. पण कान-नाक-घशाचा शल्यविशारद, पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस केलेला माणूस, चाळिशी उलटल्यावर १९६९ साली पूर्णवेळ नट होतो, पुढची पन्नासेक वर्षं नाटक-सिनेमाच्या जगात राहतो, आणि शेवटी दीड मिनिटात गुंडाळला जातो, हे काही पटत नाही.

म्हणून दोन प्रश्न. एक, नट म्हणून ते नेमकं काय करत होते? कसबाच्या अंगाने सांगा. आवाज, श्वास, विराम, हालचाल. दोन, ज्याने त्यांचं काहीच पाहिलेलं नाही अशा विशीतल्या मुलाला पहिली गोष्ट कोणती दाखवावी? एकच सांगायची. विशेषणं बाहेर चपलांशेजारी काढून आत यावं ही विनंती.

खवचट खानावळ
विशेषणं बाहेर ठेवली तर उद्याची वर्तमानपत्रं चार पानांनी कमी होतील.

श्रद्धा_सबुरी
फार मोठा नट. ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो.

मी शंकेखोर
@श्रद्धा_सबुरी, भावना पोचली. पण 'परमेश्वराला रिटायर करा' असं लिहिणाऱ्या माणसाच्या कामासाठी त्याच परमेश्वराला पुन्हा ड्यूटीवर बोलावताय.

प्रॉम्प्टर
सुरुवात 'नटसम्राट'नेच करू, फक्त दुसऱ्या टोकाकडून. पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०, बिर्ला मातोश्री सभागृह, मुंबई. संस्था धी गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, बेलवलकरांची बायको कावेरी झाल्या होत्या शांता जोग. लागू तेव्हा ४३ वर्षांचे. गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त झालेला म्हातारा. मधलं अंतर दर प्रयोगाला अंगाने भरून काढायचं होतं.

हौशी नट इथे पहिली चूक करतो ती हात थरथरवण्याची. थरथर पाच मिनिटांत जुनी होते, मग उरलेले अडीच-तीन तास तिचं करायचं काय? वय दिसतं ते हालचालीच्या आधीच्या तयारीत. बसताना आधी हाताने खुर्ची चाचपायची, वजन एका पायावर घ्यायचं, मग कंबर खाली न्यायची. उठताना धड पुढे झुकवायचं, तळवे मांड्यांवर टेकायचे, एक श्वास घ्यायचा आणि मग उठायचं. वळताना मान एकटी वळत नाही, खांदे सोबत येतात. तालमीत एवढं अंगवळणी पडलं की थरथरीची गरज राहत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. नाटकाची उतरण पायरीपायरीची आहे. आधी सत्कार, मग मालमत्तेची वाटणी, मुलाचं घर, मुलीचं घर, चोरीचा आळ, कावेरीचं जाणं, रस्ता, बूटपॉलिशवाला राजा. घर मागणारं स्वगत म्हणजे तळ नाही. त्याच्यापुढे मरणाचा प्रवेश शिल्लक आहे, तिथे सीझर, ऑथेल्लो हे जुने वेश बेलवलकराच्या तोंडी एकमेकांत मिसळतात. स्वगतात सगळी दारू उडवून टाकली की शेवटच्या प्रवेशाला नटाकडे नुसता बसलेला गळा उरतो. एकपात्री स्पर्धेत ही चूक उघडी पडत नाही, कारण तिथे स्वगत संपलं की टाळ्या आणि चहा. पूर्ण प्रयोगात मात्र नट कुठे जपून खेळला आणि कुठे उधळला हे पाचव्या रांगेतूनही कळतं.

खवचट खानावळ
पाचव्या रांगेतून कळतं, पण पाचव्या रांगेत परीक्षक बसलेले असतात.

स्वरयंत्र
प्रॉम्प्टर, बसलेल्या गळ्यामागचं कारण मांडतो, म्हणजे लागूंचा मूळ पेशा आणि हा पेशा कुठे जुळतात ते दिसेल.

पुरुषाचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब. नेहमीच्या बोलण्यात ते सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात. १२० धरले तर सलग एका मिनिटाच्या बोलण्यात ७,२०० टकरा. ओरडताना पट्टी चढते तसा आकडा वाढतो आणि प्रत्येक टक्करही जोराची होते. तंतूचा पुढचा एक-तृतीयांश संपून मागचा भाग सुरू होतो तिथे झोका सगळ्यात मोठा असतो, त्यामुळे गाठीही नेमक्या तिथेच येतात. गवय्यांना होतात त्याच. मग दोन्ही तंतू पूर्ण मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आवाजात फुसफुस येते. ती लपवायला नट आणखी जोर लावतो आणि गाठ आणखी वाढते.

मोठ्या नाटकाचा जाणता नट म्हणून आवाज 'मोठा' करत नाही, 'पुढे' आणतो. श्वास घेताना खांदे वर जायला नकोत. बरगड्यांचा खालचा घेर आणि पोट फुगलं पाहिजे. पाठीवर आडवं पडून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवलं की कळतं. पुस्तक वर गेलं तर श्वास ठीक, छाती वर गेली तर चूक. मग दातांतून बारीक 'स्स' सोडायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराचा. आधी २० सेकंद, सवय झाली की ३०. शेवटी 'स्स' भसकन सुटला तर मधेच पोट सैल पडलं म्हणायचं.

दुसरा व्यायाम नळीचा. अर्ध्या ग्लास पाण्यात नळीचं टोक दोनेक सेंटिमीटर बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. प्रयोगाआधी पाच मिनिटं पुरतात. तोंडाकडून उलटा येणारा दाब तंतूंना आपटू न देता अलगद मिटवतो. नळी फार खोल बुडवली की गळ्याला ताण येतो आणि व्यायामाचा उलटा परिणाम होतो.

शेवटच्या रांगेपर्यंत अर्थ नेतात ती व्यंजनं. त्यांची धार साधारण २,००० हर्ट्‌झच्या वरच्या भागात असते. स्वर खर्जात ठेवायचा आणि व्यंजन नीट तोडायचं. 'त', 'ट', 'क' गिळले की आवाज कितीही भरदार असला तरी बाल्कनीला नुसता गुणगुणाट जातो. लागूंचे भारी, सावकाश उच्चार आठवा. त्या संथपणात व्यंजनाला जागा मिळते.

गळा बसल्यावर कुजबुजू नये. कुजबुजीत तंतू अवघडून धरले जातात. सारखं खाकरूही नये. पाण्याचे घोट, वाफ आणि गप्प बसणं. तीन आठवड्यांत आवाज आला नाही तर आरशाने किंवा दुर्बिणीने गळा तपासून घ्यावा.

अर्धविराम
यात भर म्हणून, लागूंचं 'वाचिक अभिनय' नावाचं लहानसं पुस्तक आहे. आत्मचरित्र 'लमाण' सगळे वाचतात, हे फारसं कुणी वाचत नाही. 'लमाण' या नावातच त्यांची नटाविषयीची समजूत आहे. लमाण इकडचा माल तिकडे पोचवतो. माल नाटककाराचा, नट तो वाहणारा. एवढ्या मोठ्या नटाने स्वत:ला मालक म्हणवून न घेता वाहतूकदार म्हणवून घेतलं.

संहिता हातात आली की करण्यासारखं एक काम आहे. पेन्सिलीने खुणा करायच्या. अर्ध्या श्वासाला एक तिरकी रेघ, पूर्ण श्वासाला दोन, श्वास न घेता थांबायचं तिथे गोल. हे तिसरं चिन्ह महत्त्वाचं. श्वास घेऊन थांबलं की वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि प्रेक्षक सैलावतो. श्वास न घेता थांबलं की प्रेक्षकही श्वास धरतो. मात्र असा विराम दोन-तीन सेकंदांपुढे गेला आणि मनात पुढचं वाक्य तयार नसलं, की 'विसरला वाटतं' हे पहिल्या रांगेला लगेच कळतं.

कानडोळा
सगळं मान्य, पण एक नावडतं सांगू का? ते सगळीकडे लागूच असतात. तोच खर्ज, तेच ओढून बोलणं, तोच कपाळावर आलेला जगाचा भार. मास्तर असो, मंत्री असो, हिरॉईनचा बाप असो. कालपासून हे कुणी बोलत नाही कारण माणूस नुकताच गेलाय.

तिसरी घंटा
@कानडोळा, बोला की. धागा त्यासाठीच आहे.

रिळवाला
कानडोळा, उदाहरण म्हणून दोन मास्तर शेजारी ठेवू. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा', १९७२. जब्बार पटेलांचा 'सामना', त्यानंतर दोन-तीन वर्षांत, १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला. दोन्हीकडे लागू मास्तर, दोन्हीकडे समोर निळू फुले, दोन्हीकडे पतन आहे. नट तोच-तोच करणारा असता तर इथे हमखास पकडला गेला असता.

'पिंजरा'तला मास्तर वरून खाली येतो. सुरुवातीला त्याच्या अंगात वाकायला जागाच नाही, पाठीला काठी बांधल्यासारखा. मग तमाशातल्या बाईपायी एकेक सांधा सुटत जातो. शेवटी गाव त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा उभारतं आणि त्यालाच मास्तरच्या खुनासाठी उभं करतं. आदर्श जिवंत राहावा म्हणून तो गप्प राहून फाशी पत्करतो. म्हणजे शेवटच्या भागात ज्याने सगळं बोलायचं त्याच्याकडे बोलायला वाक्यच नाही.

'सामना'तला मास्तर पहिल्या फ्रेममध्येच तळाला आहे. स्वातंत्र्यलढ्यातला जुना माणूस, आता दारुडा. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. तिथून हा माणूस वर चढतो, आणि चढायला त्याच्याकडे एकच दोर आहे, 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न. तो पुन:पुन्हा विचारला जातो. प्रत्येक वेळी त्याच जोराने विचारला असता तर तिसऱ्यांदा विनोदी झाला असता. लागू तो कधी दारूच्या तंद्रीत सोडून देतात, कधी लहान मुलासारखा कुतूहलाने विचारतात, कधी आरोपासारखा. शब्द तेच. फरक वाक्यातल्या कुठल्या शब्दावर वजन पडतं यात. एकदा माणसाच्या नावावर, एकदा 'काय'वर.

खर्ज दोन्हीकडे एकच आहे, हे मान्य. पण सतारही प्रत्येक रागात सतारच राहते.

कानडोळा
सतारीचं ठीक. 'सामना' मागे घेतो. हिंदीबद्दल मात्र हटणार नाही.

खवचट खानावळ
हिंदीत त्यांच्या पात्राचा पेशा ठरलेला. मध्यंतराआधी नायिकेचे वडील, मध्यंतरानंतर नायिकेच्या वडिलांचा फोटो आणि हार.

रिळवाला
हार पुष्कळदा पडला, नाकारत नाही. शंभराहून जास्त हिंदी सिनेमे केले की हार टाळता येत नाहीत. पण 'घरौंदा' (१९७७) बघा. भीमसेन दिग्दर्शक, अमोल पालेकर, झरीना वहाब, आणि लागू कचेरीचे मालक मोदी. हृदयविकार असलेला विधुर. तरुण जोडप्याला घर हवंय, पैसा नाही, म्हणून ती मोदीशी लग्न करते, तो फार दिवस जगणार नाही या हिशेबाने. कागदावर हा माणूस अडथळा आहे. लागू त्याला एवढा सभ्य करतात की हिशेब करणाऱ्यांचीच लाज वाटावी. त्याच भूमिकेला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं.

त्याच वर्षीचा 'इन्कार' तर कुणाच्या बोलण्यातच नसतो. कुरोसावाच्या 'हाय अँड लो'वरून बेतलेला. लागू बुटांच्या धंद्यातले उद्योगपती. अपहरण करणाऱ्यांनी त्यांच्या मुलाऐवजी नोकराचा मुलगा उचलला आहे. खंडणी भरली तर कंपनी हातची जाते, नाही भरली तर दुसऱ्याचं मूल. टेलिफोनच्या प्रवेशांत नटाला समोर माणूस नाही, फक्त रिसीव्हर. अशा प्रवेशात पडणारा नट ऐकायचं विसरतो. पलीकडचं वाक्य संपायच्या आत त्याचा चेहरा उत्तर देऊन मोकळा होतो. लागू पलीकडचं वाक्य पूर्ण होऊ देतात.

'लावारिस'मधला दारुडा गंगू गणपत लक्षात ठेवा. 'गांधी'त (१९८२) गोपाळ कृष्ण गोखलेही तेच. छोटी भूमिका, पण गोखले गांधींना आधी देश बघून घ्यायला सांगतात ते ठिकाण नेमकं पकडलेलं. आणि मृणाल सेनचा 'एक दिन अचानक' (१९८९). प्राध्यापक पावसात संध्याकाळी बाहेर पडतो तो परत येत नाही. उरलेला सिनेमाभर त्याच्याबद्दल बोलणं चालतं. मोजक्या प्रवेशांत नटाने एवढं वजन ठेवून जायचं की बाकी सिनेमाभर त्याची रिकामी खुर्ची दिसत राहावी.

ओपीडी
मराठी रंगभूमी म्हणजे सरकारी दवाखानाच. दात काशिनाथ घाणेकर, लहान मुलं जब्बार पटेल, मनोविकार मोहन आगाशे, आयुर्वेद गिरीश ओक, आणि कान-नाक-घसा लागू. नट आजारी पडला तर विंगेतच बरा व्हावा.

खवचट खानावळ
आणि निर्माता आजारी पडला तर?

ओपीडी
त्याच्यावर औषध नाही. प्रयोग हाउसफुल्ल लागतो.

नवखा_०७
'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री झाले होते ना? त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आणि पद्मभूषण कुठल्या वर्षी?

रिळवाला
मुख्यमंत्री अरुण सरनाईक. लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, त्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले. गोंधळ होतो कारण सत्तेचा वास लागूंच्या बाजूने जास्त येतो. १९७९ चा सिनेमा, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी केलेली पटकथा. पत्रकार दिगू टिपणीस निळू फुले. 'सामना'त हिंदुराव सत्तेवर आणि मास्तर प्रश्न विचारणारा, 'सिंहासन'मध्ये लागू सत्तेजवळ आणि निळूभाऊ विचारणारे. चार-पाच वर्षांत दोघांनी बाजू बदलल्या. हे दोन सिनेमे पाठोपाठ बघावेत.

पद्मभूषण नाही, पद्मश्री, १९७४. पुढे २०१० ला संगीत नाटक अकादमीची फेलोशिप.

प्रॉम्प्टर
दिग्दर्शक लागू विसरू नका. तेंडुलकरांचं 'गिधाडे', १९७०. महाराष्ट्रात नाटक उभं राहण्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मंडळाने काटछाट सुचवली, त्यातच माणिकच्या साडीवरच्या लाल डागाला हरकत होती. डाग निळा केला गेला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं की दिसणारा निळा डाग कृपया लाल समजावा. नियम पाळला आणि सभागृहातल्या प्रत्येकाला लाल डाग दिसला. सांगितलं नसतं तर कदाचित अर्ध्यांच्या लक्षातही आला नसता.

'किरवंत' हे प्रेमानंद गज्वींचं नाटकही त्यांनी बसवलं. स्मशानातले विधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचीच जात कशी वाळीत टाकते, हा विषय. नास्तिक दिग्दर्शकाने अंत्यविधींचं नाटक बसवायचं म्हणजे पहिली अडचण अशी की विधीची टिंगल होता कामा नये. टिंगल केली की किरवंताचं दु:ख मरतं.

श्रद्धा_सबुरी
@मी शंकेखोर, रागावले नाही. पण मग अशा वेळी म्हणावं काय? 'भावपूर्ण श्रद्धांजली'तही श्रद्धा आलीच.

मी शंकेखोर
'विनम्र अभिवादन' चालतं. शिवाय त्यांची भूमिका 'देव मानत नाही' एवढ्यावर संपत नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची अधिकृत भूमिका देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला विरोध, अशी. लागू त्यापुढे जाऊन देव ही कल्पनाच मोडीत काढा म्हणायचे. समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि लागू एकाच मंचावर बसून याच मतभेदावर जाहीर वाद-संवाद करायचे. आपल्याच माणसाशी लोकांसमोर असहमत होणं, तेही आवाज न चढवता, हे कार्यक्रमाचं खरं आकर्षण. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला आणि तो मंच तसा राहिला नाही.

आणि सामाजिक कृतज्ञता निधी. बाबा आढाव, दाभोलकर, निळू फुले, लागू ही मंडळी. नामवंत नटांना घेऊन अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसा उभा केला. मुद्दलाला हात न लावता व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन द्यायचं, अशी रचना. प्रहसन निवडलं हेही व्यवहाराचं. निधी गोळा करायला लोकांना रडवायचं नाटक घेतलं की तिकीट एकदाच खपतं.

ओपीडी
अवांतर, पण विषय निघालाच आहे तर उपयोगाचं लिहितो. विधी नको असं ज्यांना वाटतं त्यांच्यापैकी बरेच जण नेत्रदान-देहदानाचं बोलतात आणि ऐन वेळी घरच्यांची धांदल उडते. बुबुळं सहा तासांच्या आत काढावी लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओली कापसाची घडी, डोक्याखाली उशी, डोक्यावरचा पंखा बंद. पंखा चालू राहिला की बुबुळ सुकतं आणि वाया जातं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, वय नव्वद असलं, तरी नेत्रपेढीला कळवावं, निर्णय त्यांनी घ्यावा. देहदानाला भरलेला फॉर्म पुरत नाही, जवळच्या नातेवाइकांची त्या वेळची संमती आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गाचा देह वैद्यकीय महाविद्यालय घेत नाही. म्हणून हे बोलणं घरात आधी व्हावं, कपाटात ठेवलेल्या कागदावर विसंबून राहू नये.

अर्धविराम
लागूंच्या खासगी आयुष्यातला मोठा आघात म्हणजे मुलगा तन्वीर. धावत्या लोकलवर बाहेरून कुणीतरी भिरकावलेला दगड लागून गेला. त्यावर भाषणं न करता पुढे रूपवेध प्रतिष्ठानतर्फे त्याच्या नावाने नाटकवाल्यांसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला, दर वर्षी ९ डिसेंबरला. यापलीकडे त्यावर इथे चर्चा नको असं वाटतं.

तिसरी घंटा
सहमत, इथेच थांबू. धागा भरकटला पण चांगल्या ठिकाणी गेला. आता दुसरा प्रश्न. विशीतला मुलगा, कोरी पाटी, एकच गोष्ट. बोला.

प्रॉम्प्टर
'सूर्य पाहिलेला माणूस'. मकरंद साठ्यांचं नाटक, अतुल पेठेंचं दिग्दर्शन, १९९९. सत्तरी ओलांडलेल्या लागूंनी सॉक्रेटिस केला. लांबच लांब युक्तिवाद, एकामागून एक प्रश्न. अशा संहितेचं पाठांतर शब्दांनी होत नाही, तर्काच्या पायऱ्यांनी होतं. एक पायरी गळली की पुढचं सगळं कोसळतं आणि प्रॉम्प्टरलाही धागा सापडत नाही. मरायला तयार असलेला, देवांबद्दल प्रश्न विचारणारा म्हातारा. नट आणि भूमिका यांत फट कुठे आहे ते शोधावं लागतं.

खवचट खानावळ
सुंदर. आता त्या मुलाला १९९९ मध्ये कसं पाठवायचं तेवढं सांगा.

प्रॉम्प्टर
तीच तर नाटकाची गोची. प्रयोग संपला की सेट ट्रकमध्ये जातो.

कानडोळा
माझं मत 'घरौंदा'. हिंदी आहे, सापडतो, आणि त्यात ते ओढून बोलत नाहीत. बघा, हिंदीबद्दलही हटलोच.

स्वरयंत्र
'सामना'. मात्र एका पद्धतीने. मास्तर आणि हिंदुराव समोरासमोर आहेत असा कुठलाही दहा मिनिटांचा भाग घ्यायचा. आधी आवाज पूर्ण बंद करून बघायचा. कोण जागा व्यापतो, कोण आक्रसतो, आणि ते नेमकं कधी उलटतं, हे लिहून काढायचं. मग डोळे मिटून तोच भाग नुसता ऐकायचा आणि कोणाचा श्वास आधी बदलतो ते टिपायचं. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. दोन यादींमधल्या वेळा पुष्कळदा जुळत नाहीत. शरीर आधी हरतं, आवाज नंतर, किंवा उलट. ही तफावत नटाने ठरवून ठेवलेली असते. निळूभाऊंचं बोलणं वरवर सैल, लागूंचं जड, म्हणून कानाला दोघं लगेच वेगळे पडतात. नवशिक्यासाठी याहून सोपं उदाहरण नाही.

एकच काळजी. मोबाइलच्या आतल्या स्पीकरवर ऐकू नये. खालची पट्टी तिथे कापली जाते आणि लागूंचा अर्धा आवाज जातो. साधे कानात घालायचे हेडफोन पुरतात.

रिळवाला
माझंही मत 'सामना'. आवाज बंद करायची युक्ती 'सिंहासन'लाही लावा. तिथे दाभाडे दिसतात त्या प्रवेशांत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे लागू बघा.

नवखा_०७
पाटी कोरी असलेला मुलगा मीच. 'सामना' बघतो. आधी आवाज बंद करून की आधी नीट पूर्ण?

स्वरयंत्र
आधी नीट पूर्ण, एकट्याने, मधे न थांबवता. मारुती कांबळेचं काय झालं असेल हा प्रश्न आधी तुम्हाला पडायला हवा. व्यायाम दुसऱ्या दिवशी.

तिसरी घंटा
@नवखा_०७, येत्या सोमवारी, २३ तारखेला, 'नटसम्राट'च्या पहिल्या प्रयोगाला ४९ वर्षं होतील. तोवर 'सामना'च्या दोन्ही याद्या इथे टाका. वेळा मिनिट-सेकंदांत लिहा, म्हणजे बाकीच्यांना ताडून बघता येतील.